किनाऱ्याच्या बाजूने

लष्करी टपाल
२ ऑक्टोबर १९४३

आदरणीय सव्वाती प्रोकोफ्येविच यांस,

सप्रेम नमस्कार. आपण, आपल्या पत्नी आणि कन्या उल्याना सुखरूप असाल अशी आशा आहे. मी आपल्या मुलाचा, लेफ्टनंट तीखोन वार्झुगिन याचा, तुकडीप्रमुख. आपली भेट झालेली नाही. पण आपण पाठवलेला खारवलेला मासा तीखोनने आम्हा सर्वांना खाऊ घातला आहे, त्यामुळे आपण अनोळखी वाटत नाही.

इकडे थंडी सुरू झाली आहे. सकाळी विमानांच्या पंखांवर बर्फाचा थर असतो.

आपल्याला कार्यालयाकडून कागद मिळाला असेल. त्यापेक्षा अधिक मला फारसे सांगता येत नाही. १९ सप्टेंबरला आम्ही दोन टॉर्पेडो विमाने घेऊन शत्रूच्या ताफ्यावर गेलो. हल्ला सुरू होताना तीखोनचे विमान रांगेतून बाहेर पडले आणि शत्रूच्या किनाऱ्याच्या दिशेला गेले. आग किंवा धूर दिसला नाही. त्यानंतर त्याला किंवा त्याच्याबरोबरच्या तिघांना कोणी पाहिलेले नाही. एक मोठे मालवाहू जहाज त्या दिवशी बुडाले.

तीखोन चांगला सोबती होता. त्याचा वस्तरा, दोन पुस्तके आणि लोकरीचे मोजे वेगळे पाठवत आहे. मोजे आपल्या पत्नीने विणलेले असावेत.

काही लागल्यास कळवावे.

आपला,
कॅप्टन मातवेय झालेसोव


२८ नोव्हेंबर १९४३

मातवेय इल्यिच यांना सव्वाती वार्झुगिनचा नमस्कार.

मी बोलतोय, उल्याना लिहून घेतेय. चुका असल्या तर तिच्या, राग आला तर माझा.

पार्सल मिळालं. मोजे त्याच्या आईनेच विणले होते. तिने ते उलटे करून शिवण पाहिली आणि पेटीत ठेवले. तुमचा फोटो वर्तमानपत्रात आला होता. गावसभेच्या कार्यालयात तो चिकटवलाय. सुवर्णतारा मिळाला म्हणून अभिनंदन, त्याहून मोठं पदक देशात नाही. एवढं मोठं जहाज बुडवणं सोपं काम नाही. मी चाळीस वर्षं समुद्रावर आहे, मला जहाजाचं वजन कळतं.

आता माझं ऐका. कागदावर लिहिलंय, बेपत्ता. आमचा कारकून कोंद्रात म्हणतो, "सव्वाती, बेपत्ता म्हणजे काय ते आम्हाला वाचता येतं बरं का. तुझा पोरगा तिकडे जर्मनांबरोबर नॉर्वेत बसून कॉफी पीत असेल." मी त्याला म्हटलं, माझ्या मुलाला कॉफी आवडत नाही. लोक हसले. पण उल्यानाला आर्खांगेल्स्कच्या तारखात्याच्या शिकवणीतून घरी पाठवलं. भाऊ कुठे आहे ते आधी सांग, मग तारा पाठव, असं म्हणाले.

त्याची आई रोज दोन प्रार्थना म्हणते. एक मेलेल्याची, एक जिवंताची. मी म्हणालो, अगं, देवाचा गोंधळ करू नकोस. ती म्हणाली, गोंधळ मी घातलेला नाही.

माझा बाप आणि दोन भाऊ समुद्राने नेले. तिघांचे लाकडी क्रूस टेकडीवर उभे आहेत, समुद्राकडे तोंड करून. चौथ्यासाठी लाकूड आणून ठेवलंय. पण जिवंत माणसाचा क्रूस उभारत नाहीत. तेव्हा मला एवढंच सांगा, तो मेलाय की तिकडे आहे?

आणखी एक. तुम्ही लिहिलंत, तो किनाऱ्याकडे वळला. मी दोन महिने यावर विचार करतोय. घाबरलेला माणूस घराकडे वळतो. तुमचं घर समुद्राच्या बाजूला होतं. किनाऱ्याकडे वळतो तो एक तर जाळं टाकायला, नाहीतर उतरायला. यातलं कोणतं, ते तुम्ही पाहिलं असेल. तुम्ही शेजारी होता.

तुमच्या घरच्यांना नमस्कार.

सव्वाती वार्झुगिन
(लिहिणार उल्याना. बाबा रागावलेले नाहीत, असं त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही. मीच लिहितेय.)


२१ जून १९४४

सव्वाती प्रोकोफ्येविच,

नमस्कार. तुमचं पत्र सात महिने माझ्याजवळ आहे. उत्तर दिलं नाही.

हे पत्र येफिम स्वतः आणून देईल. तो तीखोनच्या विमानाचा मेकॅनिक. त्याच्या हाताला इजा झाली म्हणून त्याला घरी सोडलंय आणि तुमचं गाव त्याच्या वाटेवर आहे. टपालात टाकलं असतं तर निम्म्या ओळी काळ्या करून पोहोचल्या असत्या, किंवा पोहोचल्याच नसत्या. त्याला जेवायला घाला. तो फार बोलत नाही. माझ्याशी तर नऊ महिने बोलला नव्हता.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तीखोन मेला. १९ सप्टेंबरलाच मेला, त्याच ठिकाणी. क्रूस उभारा. त्याच्या आईला सांगा, एकच प्रार्थना पुरे.

आणि तो जाळं टाकायला वळला होता.

मला हे परवा कळलं. म्हणजे परवा सिद्ध झालं. यात फरक आहे, तो पुढे सांगतो. अक्षर वाईट येतंय. मी प्यायलेलो नाही.

परवा सकाळी आमचे राजकीय अधिकारी बराकीत आले. म्हणाले, "झालेसोव, चल. तुझ्या जहाजाचा एक मासा आपल्या जाळ्यात सापडलाय." आमच्या बोटींनी एक जर्मन जहाज बुडवून काही माणसं पकडली होती. त्यांतला एक सप्टेंबरात त्या मालवाहू जहाजावर सुकाणूला होता. मला बोलावलं ते गंमत म्हणून. कैद्याला दाखवायचं होतं की बघ, हा तो.

कैदी पन्नाशीचा होता. एक कान भाजून आक्रसलेला. त्याला खुर्ची दिली होती. मलाही दिली, मी उभा राहिलो. दुभाषी म्हणून विद्यापीठातली एक मुलगी आहे.

"विचार त्याला, या साहेबांना ओळखतोस का," अधिकारी हसत म्हणाले. "सांग, तुझं जहाज यांनी बुडवलं. हात मिळवायचा तर मिळव म्हणावं."

तिने विचारलं. कैद्याने माझ्या छातीवरचा तारा पाहिला, मग माझं तोंड.

"समुद्राकडून आला तो हा का?" त्याने विचारलं. "मग याने नाही. याचा टॉर्पेडो जहाजाच्या मागून गेला. दहा-बारा मीटरने चुकला. आम्ही सगळे त्या बाजूच्या कठड्याशी होतो. बुडबुड्यांची रेघ मागून निघून गेली तेव्हा आम्ही ओरडलो. एकमेकांना मिठ्या मारल्या."

"मग बुडालात कसे?" अधिकाऱ्यांनी विचारलं. ते अजून हसत होते.

"दुसऱ्याने बुडवलं. किनाऱ्याकडून आलेल्या. डोंगराला घासून आला. आम्हाला वाटलं आमचंच विमान. तिकडून तुमचं कशाला येईल? आमच्या एका पोराने त्याला हातही केला."

दुभाषी मुलगी मध्येच थांबली. माझ्याकडे पाहू लागली.

"पुढे सांग," मी म्हणालो.

"अगदी जवळ येऊन टाकला. टाकल्यावर वळताना त्याला आमच्या तोफेने गाठलं. पंख पेटला. आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पाण्यात गेला. नंतर आमची होडी तिथून गेली. एक पंख थोडा वेळ वर होता. माणूस कोणी दिसला नाही." त्याने पेन्सिल मागितली. कागदावर जहाज काढलं, एका बाजूला एक फुली, दुसऱ्या बाजूला एक. दुसऱ्या फुलीभोवती गोल केला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

अधिकारी म्हणाले, "खोटं बोलतोय हरामखोर."

कैद्याला भाषांतर लागलं नाही. तो म्हणाला, "मी आता कोणासाठी खोटं बोलू?"

मी बाहेर आलो. बाहेर ऊन होतं. मी भोजनगृहात गेलो आणि जेवलो. आचारी नंतर म्हणाला, तू तीन वेळा लापशी घेतलीस आणि तिन्ही वेळा माझे आभार मानलेस. मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की चमचा पांढरा होता आणि मी तो बराच वेळ पाहत होतो.

मग मी क्लबात गेलो. तिथे भिंतीवर त्या दिवसाचा फोटो आहे, मोठा करून लावलेला. टॉर्पेडो टाकल्यावर मी जहाजाच्या नाकासमोरून वळून समुद्राकडे निघालो तेव्हा माझ्या मागच्या गनरने काढलेला. जहाज आडवं आहे आणि त्यावर पाण्याचा उंच खांब. नऊ महिने आम्ही त्याखाली बुद्धिबळ खेळतोय. मी जवळ जाऊन पाहिलं. पाण्याच्या खांबाचा तळ दिसत नाही. तळ जहाजाच्या पलीकडे आहे. जहाज खांबाच्या पुढे आहे, सव्वाती प्रोकोफ्येविच. माझा टॉर्पेडो लागला असता तर खांब जहाजाच्या पुढे दिसला असता. पाच वर्षांच्या मुलालाही हे दिसेल. त्या भिंतीसमोर वर्तमानपत्रवाले उभे राहिले, एक अॅडमिरल उभा राहिला. कोणाला दिसलं नाही, कारण फोटोखाली माझं नाव लिहिलं होतं.

माझा नॅव्हिगेटर शाल्वा माझ्यामागे येऊन उभा राहिला. तो जॉर्जियाचा आहे, गप्प बसणं त्याला आजारपणासारखं वाटतं. या वेळी त्याने नुसतं खांबाच्या तळावर बोट ठेवलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी तुला विमानातच म्हणालो होतो," तो म्हणाला. "खांब पलीकडून उठला, असं म्हणालो होतो. तू म्हणालास, तोंड बंद कर आणि घरची दिशा दे. मी दिशा दिली."

"नंतर का नाही बोललास?"

"नंतर तुला तारा मिळाला. मला पदक मिळालं. माझ्या आईने कुताइसीत अख्ख्या गल्लीला दारू पाजली. कधी बोलू? तू सांग, कुठल्या वारी बोलू?"

तो म्हणाला ते खरं आहे. तो विमानात बोलला होता. मी ऐकलं होतं.

आता मी तुम्हाला ते लिहितो जे मागच्या पत्रात नव्हतं. ते पत्र मी कचेरीतल्या नमुन्यावरून उतरवलं होतं.

आम्ही नेहमी समुद्राकडून जातो. ताफा किनाऱ्याला चिकटून चालतो आणि त्याची पहारेकरी जहाजं बाहेरच्या अंगाला असतात, तोफा आमच्याकडे करून. वीस-पंचवीस मीटर उंचीवरून त्या तोफांच्या तोंडात सरळ जायचं, सोडायचं, वळायचं. वळता आलं तर. अठरा तारखेला जेवणानंतर तीखोनने टेबलावर ताफ्यातल्या जहाजांसारख्या आगपेट्या मांडल्या.

"मातवेय इल्यिच," तो म्हणाला, "ते सगळे समुद्राकडे तोंड करून बसलेत. आपण दरवेळी पुढच्याच दाराने जातो."

"मग मागच्या दाराने जाऊन काय करणार? चहा मागणार?"

सगळे हसले. शाल्वा म्हणाला, "साखर जास्त माग रे."

तीखोनही हसला. पण आगपेट्या त्याने उचलल्या नाहीत. "तुम्ही पुढून त्यांना गुंतवा. मी डोंगराआडून येतो. एका मिनिटाचा फरक. त्यांच्या तोफा फिरेपर्यंत काम झालेलं असेल."

"हे बघ, वार्झुगिन," मी म्हणालो. "शत्रूच्या किनाऱ्याकडे वळलेलं विमान म्हणजे पळालेलं विमान. मी तसंच समजेन आणि तसंच कळवेन."

"समजा," तो म्हणाला. "जहाज बुडालं की मी येऊन समजूत काढेन."

त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो आगपेट्यांकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी ताफा दिसला आणि तो वळला. मी त्याला वळताना पाहिलं. त्याने एक पंख खाली करून हलवला. आमच्याकडे त्याचा अर्थ, मी चाललो, तुम्ही चालू ठेवा. मला कळलं तो कुठे निघालाय. मला त्या क्षणी कळलं होतं. मला राग आला. माझ्या हुकुमाविरुद्ध गेला याचा राग, आणि समोर पाच जहाजांच्या तोफा होत्या आणि मी एकटा होतो, याचा. मी घाईने टॉर्पेडो सोडला. कैद्याने दहा-बारा मीटर सांगितले. तो दयाळू माणूस असावा.

त्याच्यामुळेच त्यांच्या तोफा शेवटच्या क्षणी माझ्यावरून हटल्या असतील. मी परत आलो, याचंही कारण तोच असेल. हा हिशेब मी परवापासून पुन्हा पुन्हा करतोय आणि दरवेळी उत्तर तेच येतंय.

परतल्यावर कर्नलनी विचारलं, "वार्झुगिन?"

"किनाऱ्याकडे वळला."

"लागलं होतं? आग, धूर?"

"नाही."

"मग तू काय समजलास?"

मी म्हणू शकलो असतो, माहीत नाही. मी म्हणू शकलो असतो, काल त्याने आगपेट्या मांडल्या होत्या. तसं म्हटलं असतं तर कर्नलनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग जहाज कोणाचं? मी थकलो होतो. मी जिवंत होतो आणि मला ते जहाज हवं होतं.

मी म्हणालो, "पळाला."

एकच शब्द. तो कागदावर गेला. तुमच्याकडे तो 'बेपत्ता' होऊन आला, पण कोंद्रातपर्यंत तोच अर्थ पोहोचला, आणि बाकी तिघांच्या गावांतही.

आमच्याकडे पद्धत आहे. जहाज बुडालं की आचारी डुकराचं एक पिल्लू भाजतो. जे परतले नाहीत त्यांचीही ताटं मांडतात, प्रत्येकापुढे व्होडकाचा पेला आणि त्यावर पावाचा तुकडा. त्या संध्याकाळी आचाऱ्याने सवयीने चार ताटं मांडली. कर्नल म्हणाले, "ही कोणासाठी?" सगळे माझ्याकडे पाहत होते. मी बोललो असतो तर ताटं राहिली असती. आचाऱ्याने एक एक ताट उचललं. पिल्लाचा पहिला तुकडा मला वाढला. मी तो खाल्ला. येफिम तेव्हा धावपट्टीवर होता. चाकांखाली लावायचे ठोकळे घेऊन तो तिथे दुसऱ्या दुपारपर्यंत उभा राहिला.

काल मी कर्नलकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"कैद्याचं बोलणं म्हणजे साक्ष नव्हे," ते म्हणाले.

"फोटो आहे."

"फोटो नऊ महिने आहे. आजच डोळे आले तुला?" मग शांतपणे म्हणाले, "मातवेय, तारा म्हणजे कोटाचं बटण नव्हे, इथून तोडलं आणि तिथे लावलं. तुझ्या नावाने शाळा आहे. त्याआधीची दोन जहाजं तर तुझीच ना? मग झोप जाऊन. मेलेल्याला घाई नसते."

"त्याच्या बहिणीला घाई आहे," मी म्हणालो.

"कोणाच्या?"

त्यांना माहीत नव्हतं की तीखोनला बहीण आहे. मलाही तिचं नुसतं नाव माहीत होतं, तिचं काय झालं ते तुमच्या पत्रातून कळलं.

मी आणि शाल्वाने नवं निवेदन लिहिलं. आगपेट्या, पंख हलवणं, माझा शब्द, शाल्वाचा शब्द, फोटो, कैद्याचं चित्र. दोघांच्या सह्या. शाल्वा सही करताना म्हणाला, "आईला सांगावं लागेल, गल्लीकडून दारू परत माग." मग तोंड फिरवून बसला. एक प्रत आरमाराच्या मुख्यालयाला गेली, एक या पत्रासोबत आहे. ती उल्यानाने आर्खांगेल्स्कला न्यावी. ते विचारतील, शिक्का कुठे आहे. सांगावं, शिक्का यायचा आहे, पण सही केलेला माणूस जिवंत आहे आणि विचारलं तर पुन्हा सांगेल. मला शिक्षा होईल किंवा होणार नाही. मला माहीत नाही. त्यावर माझं फार लक्ष लागत नाही.

हे पत्र मी इथेच संपवणार होतो. पण आज सकाळी एक हुकूम आला. तोही तुम्हाला कळायला हवा.

कैद्याच्या जबाबातून मुख्यालयाने एक गोष्ट उचलली आहे. किनाऱ्याच्या बाजूने येणाऱ्या विमानावर ते उशिरा गोळीबार करतात. तेव्हा यापुढे प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या विमानाने तसंच जायचं. सगळ्या नव्या वैमानिकांना ते शिकवायचं. आणि नोंदीप्रमाणे ते जहाज माझं, म्हणून हुकुमात त्या हल्ल्याला नाव दिलंय: झालेसोव पद्धत. शिकवायला मलाच बोलावलं.

मी गेलो. बावीस वैमानिक बसले होते, निम्म्यांना अजून दाढी नीट येत नाही. कर्नल मागे उभे होते. फळ्यावर ते नाव कोणीतरी आधीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. मी खडू घेतला. किनारा काढला, डोंगर, जहाज, तोफा. मग ते नाव हाताने पुसलं आणि तिथे लिहिलं: वार्झुगिन. आणि सांगितलं, हा मार्ग लेफ्टनंट तीखोन वार्झुगिनने शोधला, मी त्याला मनाई केली, तो गेला, त्याने जहाज बुडवलं, आणि मी खाली येऊन सांगितलं की तो पळाला.

पहिल्या रांगेतल्या एकाने हात वर केला. "कॅप्टनसाहेब, डोंगराआडून किती उंचीवर बाहेर पडायचं?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. ते माहीत असलेला एकच माणूस होता.

मी क्षमा मागत नाही. ती द्यायची की नाही हे ठरवण्याचं ओझंही तुमच्यावर टाकू नये असं वाटतं. त्याच्या आईला हे सगळं वाचून दाखवा. जिथे माझं नाव आहे तिथे आवाज कमी करू नका.

तुमच्या तीखोनला पळपुटा म्हणणारा,
मातवेय इल्यिच झालेसोव